निळीतून काढलेले पक्षी

घरात निळा वॉलपेपर लावू या, असं कोणी म्हटलं की दुसरं कोणीतरी लगेच म्हणतंच, "नको, खोली अंधारी दिसेल." या म्हणण्यात तथ्य आहे. गडद निळा रंग उजेड गिळतो, भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. कॅटलॉगमध्ये वीतभर तुकड्यावर देखणा दिसलेला रंग दहा फुटी भिंतीवर चढला की अंगावर येतो. म्हणून बहुतेक जण शेवटी फिकट आकाशी किंवा राखाडीकडे झुकणाऱ्या निळ्यावर समाधान मानतात. खोली मग अंधारी होत नाही, आणि धड निळीही होत नाही.

ही अडचण पुरती ओळखून तिच्यातूनच वाट काढणारी एक आकृती मला फार आवडते. इंग्लंडच्या विल्यम मॉरिस या नक्षीकाराने 1883 मध्ये केलेली 'स्ट्रॉबेरी थीफ', म्हणजे स्ट्रॉबेरीचोर. आज ती वॉलपेपर म्हणून विकली जाते, उशांच्या अभ्र्यांवर आणि चहाच्या मगांवर छापली जाते. ती इतकी ओळखीची झाली आहे की तिच्याकडे नीट पाहायचं राहूनच जातं. मुळात ती सुती कापडासाठी काढलेली. हे कापड पडद्यांसाठी, खुर्च्यांच्या खोळींसाठी आणि भिंतींवरून चुण्या घालून सोडण्यासाठी होतं. ती बारकाईने पाहिली की गडद निळ्या भिंतीविषयीचं आपलं मत बदलू शकतं. चित्र काढून मागे निळा भरावा, असं इथे झालेलं नाही. इथे आधी निळा आहे आणि सगळं चित्र त्याच्या पोटातून बाहेर आलं आहे.

आधी डोळ्यांना काय दिसतं ते पाहू. जमीन गडद निळी, जवळजवळ काळोखी. तिच्यावर फांद्या, पानं, फुलं आणि वेलींची बारीक टोकं इतकी दाट पसरलेली की मोकळी जागा म्हणून शोधायला जावं तर बोटाच्या पेराएवढीही सलग सापडू नये. या दाटीत पक्ष्यांच्या जोड्या. छातीवर ठिपके असलेले हे थ्रश, आपल्याकडच्या कस्तुराचे भाऊबंद. एका जोडीच्या चोची उघड्या आहेत, गाणं ऐन रंगात आलेलं आहे. दुसऱ्या जोडीच्या चोचीत लालबुंद स्ट्रॉबेरी. म्हणजे एका ओळीत गायक आणि दुसऱ्या ओळीत चोर. आणि पक्षी मात्र एकाच जातीचे. चोरी करणारा आणि गाणारा वेगळा नाही, हा मिश्कीलपणा मॉरिसने एक शब्द न वापरता केला आहे.

यामागची हकीकत त्याच्या मुलीने, मे मॉरिसने सांगितली आहे. ऑक्सफर्डशायरमधलं केल्म्स्कॉट मॅनर हे थेम्सकाठचं जुनं घर मॉरिसने 1871 मध्ये भाड्याने घेतलं होतं. तिथल्या परसबागेत स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर पक्षी डल्ला मारत. माळी वैतागून त्यांच्या माना मुरगळायच्या गोष्टी करी आणि मॉरिस त्याला बजावी, बागेतल्या एकाही पक्ष्याला हात लावायचा नाही. या चित्रात माळी कुठेही नाही. आहे ती त्याच्या मालकाची भूमिका. पक्षी घाबरलेले नाहीत, पळण्याच्या तयारीत नाहीत. पानापानांत ते मालकी हक्काने उभे आहेत. फळ त्यांचं, बाग त्यांची; माणूस लवकर उठला तर त्याला फक्त बघायला मिळणार.

आता बांधणीकडे येऊ. मधोमध एक उभी रेघ कल्पिली तर डावी बाजू उजवीकडे आरशातल्यासारखी उलटून येते. ही शिस्त कडक आहे. प्रत्येक पक्ष्याचं तोंड एका शेजाऱ्याकडे आणि पाठ दुसऱ्याकडे. तोच ठसा खाली, वर, बाजूला पुन्हा पुन्हा येतो. वॉलपेपरच्या बाबतीत खरा धोका इथेच असतो. अंथरुणावर आडवं पडलेल्या माणसाचे डोळे भिंतीवरची नक्षी मोजू लागतात: एक फूल, दोन फुलं, तिसरं इथे, चौथं तिथे. नक्षी एकदा मोजून झाली की ती संपली, आणि मग ती वर्षानुवर्षं छळते. नक्षीची बांधणी पक्की असावी, पण ती पाहणाऱ्याला चटकन उलगडू नये, असा मॉरिसचा आग्रह असे. 'स्ट्रॉबेरी थीफ'मध्ये तो कसा पाळला आहे ते पाहण्यासारखं आहे. पक्षी ठळक, म्हणून नजर प्रथम त्यांच्यावर बसते. तिथून ती चोचीतल्या फळावर, फळावरून देठावर, देठावरून पानावर जाते. पानाच्या मागे आणखी एक बारीक वेल निळ्यात बुडत गेलेली असते. तिचा माग काढेपर्यंत नजर नकळत शेजारच्या ठशात शिरलेली असते. शिवण कुठे होती ते कळत नाही. मोजायला बसलेला माणूस मोजणी विसरतो आणि बागेत फिरू लागतो.

हे सगळं रेषेचं कौतुक झालं. पण ही आकृती काळ्या-पांढऱ्या छायाचित्रात पाहिली तर निम्मीच उरते. तिचा प्राण निळ्यात आहे, आणि तो कसा ते कळायला रंगशाळेत जावं लागतं.

नीळ हा इतर रंगांसारखा पाण्यात विरघळणारा रंग नाही. हौदातल्या रासायनिक क्रियेने तिचं रूप बदललं की ती विरघळते, आणि तेव्हा ती निळी राहत नाही, पिवळट-हिरवी होते. त्यात बुडवलेलं कापड बाहेर काढलं की ते आधी हिरवट दिसतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होत जातं. जितक्या वेळा बुडवावं तितका रंग खोल. या निळीवर नक्षी छापायची तर दोन रस्ते आहेत. एक आपल्या ओळखीचा: कच्छच्या अजरखमध्ये किंवा राजस्थानच्या दाबू छपाईत कारागीर जिथे निळा नको तिथे आधीच चुन्याचा, डिंकाचा किंवा चिखलाचा लेप देतो आणि मग कापड हौदात टाकतो. लेपाखालची जागा कोरी राहते. लेपाला भेगा पडल्या की त्यांतून निळ्याच्या बारीक शिरा आत शिरतात. दाबूची गंमत त्यातच असते.

मॉरिसने दुसरा रस्ता धरला. आधी सगळं कापड एकसारखं गडद निळं रंगवायचं आणि नंतर लाकडी ठशांनी त्यावर रंग उडवणारं द्रावण छापायचं. द्रावण तेज असेल तिथे पांढरं होतं, सौम्य असेल तिथे फिकट निळं उरतं. खडूने पांढरी केलेली पाटी ओल्या बोटाने पुसत पुसत चित्र काढावं, तशातला हा प्रकार. फक्त इथे पाटी रात्रीच्या रंगाची आहे आणि पुसलं की उजेड दिसतो. त्यानंतर पांढऱ्या झालेल्या जागी लाल चढवायचा, आणि पिवळा चढवायचा. पिवळा पांढऱ्यावर पडला तर पिवळा, आणि फिकट निळ्यावर पडला तर हिरवा. म्हणजे पानांच्या हिरव्यातही निळा आहेच, अर्धा उडालेला. एकच कापड रंगवणं, उडवणं, धुणं, पुन्हा रंगवणं यात कित्येक दिवस जात.

हे तंत्र मॉरिसला सहज साधलं नाही. 1875 मध्ये त्याने या छपाईचा पहिला प्रयत्न केला. त्या सुमारास स्टॅफर्डशायरमधल्या लीक गावी टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याच्या रंगशाळेत तो स्वतः हौदाशी उभा राहून शिकत होता. तेव्हा त्याचे हात निळे झालेले असत. मनासारखं काम जमलं ते 1881 मध्ये लंडनजवळच्या मर्टन ॲबी इथे, वँडल नदीच्या काठी त्याने स्वतःचा कारखाना थाटल्यावर. 'स्ट्रॉबेरी थीफ' मे 1883 मध्ये छापून निघाली, आणि त्याच महिन्यात त्याने आकृतीची सरकारदरबारी नोंद करून टाकली. निळ्या-पांढऱ्याच्या जोडीला लाल आणि पिवळा या पद्धतीने बसवलेली त्याची ही पहिली आकृती. लालासाठी अलिझरीन, म्हणजे मंजिष्ठेच्या जातकुळीतल्या वनस्पतीच्या मुळात असणारंच रंगद्रव्य, आणि पिवळ्यासाठी वेल्ड नावाची युरोपातली रंगवनस्पती.

हे कळल्यावर पुन्हा चित्राकडे पाहावं. पक्ष्याची ठिपकेदार छाती उजळ का वाटते? कारण ती निळ्यावर थापलेली नाही; तिथला निळा निघून गेला आहे. पंखांतल्या फिकट निळ्यात मूळ रंगाचा अंश शिल्लक आहे, म्हणून पक्षी जमिनीपासून तुटून वर तरंगत नाही, तिच्यात रुतलेला राहतो. स्ट्रॉबेरीचा लाल मोजकाच आहे, पण एवढ्या थंड रंगांच्या मधोमध तो निखाऱ्यासारखा पेटतो. तोच लाल मोतिया जमिनीवर छापला असता तर नुसता गोड दिसला असता. म्हणूनच बाजारात या आकृतीच्या ज्या मोतिया, करड्या, फिकट हिरव्या आवृत्त्या मिळतात त्या मला पटत नाहीत. रेषा तीच असते, पक्षी तेच असतात, पण पहाटेच्या अंधारातली चोरी भर दुपारी केल्यासारखी वाटते.

भारतीय वाचकाला या निळ्याची आणखी एक बाजू दिसल्याशिवाय राहत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बाजारात जाणारी नीळ मोठ्या प्रमाणात बंगाल-बिहारमधून जाई. 1859-60 मध्ये बंगालच्या रयतेने निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध बंड केलं. दीनबंधु मित्रांचं 'नीलदर्पण' हे नाटक 1860 चं. गांधीजी चंपारणला गेले ते त्यानंतर बऱ्याच काळाने, 1917 मध्ये. मधल्या काळात, 1897 पासून, जर्मनीत कारखान्यात तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात आली होती आणि निळीचे मळे ओस पडत चालले होते. मॉरिसच्या काळच्या निळ्या भिंतींचा विचार या इतिहासाला वगळून करता येत नाही.

आणि मॉरिसला अशा प्रश्नांचं वावडं मुळीच नव्हतं. जानेवारी 1883 मध्ये तो डेमोक्रॅटिक फेडरेशन या संघटनेत सामील झाला आणि पुढे इंग्लंडमधल्या समाजवादी चळवळीचा बिनीचा वक्ता बनला. त्याच वर्षी त्याच्या कारखान्यातून निघालेलं 'स्ट्रॉबेरी थीफ' हे मात्र त्याच्या सर्वांत महाग सुती कापडांपैकी एक होतं. हाताने केलेलं, सावकाश केलेलं, मजुराला कामात आनंद देणारं कापड हवं, तर ते महागच पडणार. आणि महाग पडलं तर मजुराच्या घरी कधीच जाणार नाही. हा पेच त्याला सुटला नाही आणि त्याने तो लपवलाही नाही. गंमत अशी की किंमत जास्त असूनही हे कापड धडाक्याने खपलं. आज यंत्रावर छापलेला त्याचा वॉलपेपर मध्यमवर्गीय घरात पोहोचला आहे, पण ज्या हातांसाठी तो झगडला ते हात त्यात उरलेले नाहीत.

कापडाचा कागद झाला तेव्हा आणखी काय गेलं? भिंती कागदाने मढवण्यापेक्षा त्यांवरून कापड सोडणं मॉरिसला जास्त आवडे. लंडनमधल्या हॅमरस्मिथच्या घरी त्याने दिवाणखान्याच्या भिंतींवर 'बर्ड' नावाचं लोकरी विणकाम सोडलं होतं, 1878 मधलं. चुणीच्या कापडावर पक्षी अर्धे घडीत जातात, वाऱ्याने हलतात, उजेड एका कडेला पडतो आणि दुसरीकडे सावली. कागद सपाट बसतो आणि सगळं एकदम दाखवून मोकळा होतो. शिवाय कापडात निळा आधी होता. कागदावर तो इतर रंगांसारखाच वरून छापलेला. पण मॉरिसला कागदाची कला ठाऊक नव्हती असं नाही. त्याने पन्नासच्या आसपास वॉलपेपर केले, आणि त्यांतला अगदी पहिला, 1862 मध्ये काढलेला 'ट्रेलिस', जाळीवर चढलेल्या गुलाबांचा आणि पक्ष्यांचाच होता. त्या वेळी मात्र आपल्याला पक्षी जमणार नाहीत म्हणून त्याने ते आपल्या वास्तुविशारद मित्राकडून, फिलिप वेबकडून काढून घेतले होते. 'स्ट्रॉबेरी थीफ'मधले पक्षी त्याचे स्वतःचे आहेत. 'ट्रेलिस'चे पक्षी जाळीवर येऊन बसल्यासारखे वाटतात. हे पक्षी झाडीतून उगवल्यासारखे. वीस वर्षांत माणूस काय शिकला ते या दोन आकृत्या शेजारी ठेवल्या की कळतं.

कागद कापडापेक्षा डावा, हे मान्य करूनही मी म्हणेन की ही आकृती कागदावर तग धरते. कारण ती निळीच्या हौदाचा विचार करून काढली आहे. उजेड कुठे किती उघडायचा याचा हिशेब रेषेतच भिनलेला आहे आणि तो यंत्राच्या छपाईतही टिकतो. नेहमीचा निळा नक्षीदार कागद घ्या: त्यात निळा मागे पसरलेला असतो आणि पुढे सुटी फुलं टाकलेली असतात. फुलं काढून घेतली तरी भिंत तशीच राहील. 'स्ट्रॉबेरी थीफ'मधून पानं काढून पाहा, निळा कोसळेल. गडद रंग अंगावर येतो तो सलग असतो तेव्हा. इथे तो कुठेच सलग नाही. दाट झाडीतून रात्रीचं आभाळ दिसावं तितकाच दिसतो. त्यामुळे खोली अंधारते, पण कोंदट होत नाही.

आता हा कागद घरात लावायचा तर कुठे? सकाळी घाईने तयार व्हायची, आरशात पाहायची खोली त्याच्यासाठी नव्हे. बसून राहायच्या, वाचायच्या, संध्याकाळी गप्पा मारायच्या खोलीला तो शोभतो. दिवा पिवळसर हवा आणि भिंतीच्या जवळ, खालच्या उंचीवर हवा. छतावरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली निळा मरगळतो आणि लाल फिका पडतो. संध्याकाळी दिवे लावण्याआधी पाच मिनिटं थांबून ही भिंत जरूर पाहावी. उजेड उतरू लागला की डोळ्यांना लाल रंग आधी काळवंडलेला दिसतो आणि निळा त्या मानाने उजळ. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट टिपली, म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. या भिंतीवर ती अशी घडते: आधी स्ट्रॉबेरी दिसेनाशा होतात, चोरीचा माल अंधारात लपतो, आणि फिकट छातीचे पक्षी तेवढे उरतात. दिवा लावला की फळं पुन्हा चोचीत.

बाकीच्या खोलीने गप्प बसावं. दुसरी नक्षी नको. पडदे आणि बैठक एकरंगी, शक्यतो फळातल्या लालाच्या किंवा पक्ष्याच्या तपकिरीच्या जवळचे. लाकूड उघडं ठेवलं तर उत्तम. आपल्याकडच्या घरांसाठी एक व्यवहाराची गोष्टही सांगायला हवी. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात भिंतीला ओल धरते आणि वॉलपेपरला फुगे येतात, कडा सुटतात. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत सोडून द्यावी. जुने पोपडे खरवडून, पुट्टी आणि प्रायमर मारून, भिंत पूर्ण वाळल्यावरच कागद लावावा. आणि मोजमाप करताना कंजुषी नको. युरोपीय रोल साधारण 10 मीटर लांब आणि अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद असतो, पण दोन पट्ट्यांत पक्षी जुळवायचे तर प्रत्येक पट्टीमागे कागद वाया जातो. जुळवणी चुकली तर अर्ध्या पक्ष्याला शेजारच्या अर्ध्या पानाचं धड मिळतं, आणि मॉरिसने एवढ्या कष्टाने लपवलेली शिवण सगळ्यांत आधी डोळ्यांत खुपते.

हल्ली चारांपैकी एकच भिंत नक्षीदार करायची चाल आहे. बहुतेक कागदांना ती ठीक. या कागदाला ती अन्याय करते. एका भिंतीवर तो टांगलेल्या चित्रासारखा वाटतो, आणि ही आकृती समोरून पाहायच्या चित्रासाठी केलेली नाही, सभोवती असण्यासाठी केलेली आहे. तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. आधी नमुन्याचा मोठा तुकडा मागवा. तो भिंतीला चिकटपट्टीने लावून सकाळी पाहा, दिव्याखाली पाहा, दिवा लागण्याआधीच्या त्या पाच मिनिटांत पाहा. मन कचरलं तर खोलीला साधा पांढरा रंग द्या आणि या कापडाचे नुसते पडदे शिवून घ्या. मन रमलं, तर खोली लहान असली तरी भिऊ नका: निळाच घ्या, फिकट आवृत्ती नको, आणि लावा तो चारही भिंतींना.